बिनपंखी इअरविगच्या परीक्षेला बसलेला स्टिरिओ सूक्ष्मदर्शक

सीताबर्डीच्या एका प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानात गेल्या जूनमध्ये मला स्टिरिओ सूक्ष्मदर्शक दाखवण्यात आला, तेव्हा दुकानदाराने भिंगाखाली दहा रुपयांचे नाणे ठेवले होते. नाण्यावरचे सिंह इतके देखणे दिसले की मी तिथल्या तिथे पैसे मोजून मोकळी झाले. घरी येऊन त्याच भिंगाखाली दीड सेंटीमीटर लांबीचा एक काळा, चकचकीत किडा ठेवला, तर त्याच्या पाठीवर दिव्याचे पांढरे कडे तेवढे उमटलेले दिसले. किडा असा दिसलाच नाही. त्यानंतर चार महिने हे यंत्र मी जवळजवळ रोज वापरले आहे आणि आता त्याविषयी जबाबदारीने काही लिहिता येईल असे वाटते.

हा सूक्ष्मदर्शक मी एका ठरावीक कामासाठी घेतला होता. कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर त्रिमूर्तीनगरच्या घरामागे मी बाग केली आहे. तिथे कुंड्या उचलल्या, विटा सरकवल्या किंवा कंपोस्टचा ढीग खालीवर केला की पावसाळ्यात हमखास इअरविग निघतात. शेपटीच्या जागी चिमटा असलेला हा किडा आमच्या गल्लीत ‘गोम’ म्हणूनच ओळखला जातो आणि चपलेखाली जातो. वास्तविक गोमेला पायांच्या जोड्याच जोड्या असतात, तर इअरविग हा सहा पायांचा रीतसर कीटक आहे आणि डर्मॅप्टेरा नावाचा स्वतंत्र गण त्याच्यासाठी राखलेला आहे. काटोलकडे संत्र्याची बाग असलेल्या माझ्या मावसभावाने मला विचारले होते, ‘‘ताई, हा आपला की परका, एवढं सांग.’’ याचे उत्तर जात ओळखल्याशिवाय देता येत नाही. युबोरेलिया ॲन्युलिपिस या ज्या बिनपंखी जातीचा मला संशय होता, ती मावा आणि लहान अळ्या खाते, कोवळी रोपेही कधीमधी कुरतडते, आणि ब्राझीलमध्ये तर कापसावरच्या बोंड-सोंड्याची व लष्करी अळीची शत्रू म्हणून तिचा अभ्यास झालेला आहे. कापसाच्या मुलखात राहून हे माहीत असताना तिच्याकडे दुर्लक्ष करणे मला जमले नसते.

यंत्राचा तपशील असा. अंबाल्यात तयार झालेला, ग्रीनो पद्धतीचा, म्हणजे दोन डोळ्यांसाठी दोन स्वतंत्र नळ्या एकमेकींकडे किंचित कललेल्या असणारा हा झूम सूक्ष्मदर्शक आहे. खालचे भिंग ०.७ ते ४.५ पट आणि नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचे भिंग, १० पट, त्यामुळे एकूण वर्धन ७ ते ४५ पट मिळते. खालून एक आणि वरून एक असे दोन एलईडी दिवे त्याला आहेत. किंमत २३,८०० रुपये पडली. हीच बांधणी चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकली जाते, त्यामुळे नावापेक्षा आकडे पाहून खरेदी करावी असे माझे मत आहे. दुकानदाराला मात्र एकच आकडा प्रिय होता. ‘‘काकू, वीस पटीची नेत्रिका आणि हे दोन पटीचं जोडभिंग घेऊन टाका, एकशे ऐंशी पट दिसते यात,’’ असे तो तीनदा म्हणाला. गणित बरोबर आहे, साडेचार गुणिले वीस गुणिले दोन म्हणजे एकशे ऐंशीच होतात. पण वीस पटीच्या नेत्रिकेने चित्र फक्त फुगते, त्यात नवा तपशील येत नाही, कारण तपशील भिंगाच्या प्रकाश गोळा करण्याच्या क्षमतेवर ठरतो. शिवाय त्या जोडभिंगाने किडा आणि यंत्र यांमधली दहा सेंटीमीटरची मोकळी जागा जेमतेम तीनवर येते आणि सुईने किड्याची तंगडी सरळ करायला हात शिरत नाही. ते जोडभिंग मी घेतले नाही आणि आजवर त्याची उणीव भासलेली नाही.

सर्वांत कमी वर्धनाला सुमारे २८ मिलिमीटर व्यासाचे क्षेत्र एका नजरेत येते. बारा ते सोळा मिलिमीटर लांबीचा इअरविग चिमट्यासकट त्यात आरामात मावतो, आणि ओळखीचे अर्धे काम तिथेच होते, कारण पहिला प्रश्न जातीचा नसून हा इअरविग तरी आहे का, असा असतो. कंपोस्टमध्ये आखूड पंखांचे रोव्ह भुंगेरे पुष्कळ असतात. त्यांचे उदर उघडे आणि लवचिक असल्याने ते घाईत इअरविगसारखे वाटतात, पण त्यांना चिमटा नसतो. उलट जॅपिजिड नावाचे पांढुरके, मातीत राहणारे प्राणी चिमटा असूनही इअरविग नसतात. त्यांना डोळेच नसतात, तर इअरविगच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना संयुक्त डोळे असतात. नुसत्या डोळ्यांना हा फरक कळणे कठीण असते. माझ्या मोबाइलला अडकवायच्या चारशे रुपयांच्या भिंगाने या टप्प्यापर्यंत साथ दिली होती, हे इथे नोंदवले पाहिजे.

त्यापुढे मोबाइलचे भिंग हात टेकते. पंख नाहीत एवढ्यावरून किडा बिनपंखी जातीचा ठरत नाही, कारण पंख असलेल्या जातींची पिल्लेही पंखांविना असतात. इअरविगमध्ये कोषावस्था नसते. पिल्लू कात टाकत टाकत मोठे होते आणि पंख असलेल्या जातीत शेवटच्या टप्प्यांवर वक्षाच्या दुसऱ्या व तिसऱ्या खंडांवर पंखांच्या कळ्या दिसू लागतात. वक्षाच्या तिन्ही ढाली उघड्या दिसत असतील, त्यांच्या कडांवर अशी कळी नसेल आणि किडा वयात आलेला असेल, तरच तो बिनपंखी म्हणायचा. वय ठरवण्याचा एक मार्ग म्हणजे शृंगिकेचे, म्हणजे डोक्यावरच्या लांब मिशीचे, खंड मोजणे. युरोपातील सामान्य इअरविगच्या पिल्लाला पहिल्या अवस्थेत ८ खंड असतात, पुढे १०, ११, १२ असे वाढत प्रौढावस्थेत १४ होतात. माझ्या बागेतल्या प्रौढ किड्यांत ही संख्या बहुतेकदा १६ भरली. मणी ओवल्यासारखे हे खंड मोजायला वीस पटीचे वर्धन लागते, आणि झूमचा खटका नसलेला, सलग फिरणारा गोल इथे कामी येतो. नजर शृंगिकेच्या मुळापासून टोकापर्यंत सरकत असताना वर्धन हळूहळू वाढवता येते आणि मोजणी तुटत नाही. स्थिर दोन पट-चार पट असे खटक्याचे स्वस्त यंत्र आठ-नऊ हजारांत मिळते. त्याने हे काम होईल, पण तीनदा मोजून तीन वेगळे आकडे येतील, याची तयारी ठेवावी. शृंगिकेचे टोक तुटलेले असेल तर कोणतेच यंत्र उपयोगाचे नाही, म्हणून दोन्ही शृंगिका मोजण्याची सवय लावून घेतली.

नर-मादी ओळखणे हा या यंत्राने दिलेला सर्वांत मोठा आनंद होता. वरून पाहिल्यास प्रौढ नराच्या उदराचे दहा खंड दिसतात, मादीचे आठच, कारण तिचे दोन खंड आत दडलेले असतात. मादीचा चिमटा सरळ, टोकाशी एकमेकांना भेटणारा. नराचा चिमटा मात्र वाकडा, आणि तोही एकसारखा नव्हे. उजवी नांगी डावीपेक्षा अधिक आत वळलेली. ही विषमता या बिनपंखी जातीच्या कुलाची जणू सहीच आहे. ॲनिसोलॅबिडिडी हे कुलनाम ज्यावरून आले त्या ग्रीक शब्दांचा अर्थच ‘असमान चिमटा’ असा होतो. चौदा पटीत ती वक्रता अशी स्पष्ट दिसते की पहिल्यांदा पाहताना मी स्वयंपाकघरातल्या सांडशीची आठवण होऊन हसले. आमच्याकडच्या जुन्या सांडशीचीही एकच बाजू वाकलेली आहे. एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. पिल्लांचा चिमटा नर असो वा मादी, सरळच असतो, त्यामुळे सरळ चिमटा पाहून ‘मादी’ असे लिहून टाकणे ही माझी सुरुवातीच्या दोन आठवड्यांतली चूक होती आणि त्या शीश्यांच्या चिठ्ठ्या नंतर बदलाव्या लागल्या.

आता खरी परीक्षा. युबोरेलिया या वंशातली ॲन्युलिपिस ही जात फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ ल्युका यांनी १८४७ साली वर्णिली आणि आज ती जगभर पसरलेली आहे. लॅटिन नावाचा अर्थ ‘कड्यांच्या पायांची’. फिकट पिवळ्या मांडीवर आणि बहुधा नडगीवरही काळपट कडे, काळी-तपकिरी तुकतुकीत पाठ, शृंगिकेच्या टोकाच्या अलीकडचे एक-दोन खंड पांढुरके, आणि पंखांचा मागमूसही नाही, अशी तिची लक्षणे आहेत. तिच्या जवळची ॲन्युलाटा ही जात पहिल्या नजरेत तशीच दिसते, पण तिच्या वक्षाच्या दुसऱ्या खंडावर दोन्ही बाजूंना पुढच्या पंखांचे अवशेष असतात, लांबट-गोल, जेमतेम तिळाच्या फोलपटाएवढे. ते आहेत की नाहीत, एवढ्यावर निर्णय टांगलेला असतो. काळ्या पाठीवर काळे फोलपट शोधायचे, आणि वरून दिवा भगभगीत. पहिल्या दिवशी मला जे पांढरे कडे दिसले होते, ते नेमके याच जागेवर पडत होते.

या यंत्राचा सर्वांत मोठा दोष हाच आहे. वरचा एलईडी दिवा तीव्र आणि एकाच बिंदूतून येणारा आहे. नाण्यासारख्या खडबडीत वस्तूवर त्याच्या सावल्या छान पडतात, पण इअरविगची पाठ म्हणजे पॉलिश केलेला बूट. उत्पादकाने तीस रुपयांची दुधी काच दिव्यापुढे बसवली असती, तर ही तक्रार उरली नसती. मी आधी दिव्यासमोर बटर पेपर लावला, मग थर्मोकोलच्या पेल्याचा तळ कापून तो किड्याभोवती तंबूसारखा ठेवला आणि प्रकाश बाहेरून पाडला. दुसरा उपाय जास्त चांगला ठरला. त्याहून चांगला उपाय म्हणजे किड्याला द्रवात बुडवून पाहणे. औषधाच्या दुकानातले आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्याने सत्तर टक्क्यांवर आणून काचेच्या वाटीत घेतले, तळाला कन्हानची धुतलेली बारीक रेती पसरली आणि किडा तीत हव्या त्या कुशीवर रोवला की चकाकी जवळजवळ नाहीशी होते, किडा हलत नाही आणि तीस पटीत वक्षाची कड रेघ ओढल्यासारखी दिसते. बांधकामासाठी घरापुढे पडलेली रेती माझ्या कामी आली, हे पाहून मिस्त्रीला फार नवल वाटले. या पद्धतीने तपासलेल्या माझ्या एकवीस प्रौढ किड्यांपैकी एकाच्याही वक्षावर फोलपट आढळले नाही, आणि मांडीवरचे कडे सगळ्यांच्या पायांवर होते.

शेजारच्या इतर वंश-कुलांना वगळण्यासाठी पायाचे टोकही पाहावे लागते. इअरविगच्या पावलाला तीन खंड असतात. फॉर्फिक्युलिडी कुलात मधला खंड दोन्ही बाजूंना पसरून पानासारखा होतो, केलिसोकिडी कुलात तो तिसऱ्या खंडाखाली अरुंद जिभेसारखा पुढे जातो, आणि आमच्या बिनपंखी पाहुण्यांत तो साधा, दंडगोलाकार असतो. हे पाहायला पंचेचाळीस पट पुरे आहे, पण त्या वर्धनाला क्षेत्र साडेचार मिलिमीटरांहूनही कमी उरते आणि फोकसचा एवढा पातळ थर मिळतो की पाऊल रेतीत नेमके आडवे बसवल्याखेरीज तिन्ही खंड एकदम स्पष्ट होत नाहीत. यंत्राचा फोकसचा गोल यासाठी पुरेसा मऊ आहे, ही त्याच्या बाजूने मोठी गोष्ट आहे. मुद्दाम सांगायचे तर समुद्रकाठच्या ॲनिसोलॅबिस मॅरिटिमा या बिनपंखी जातीची चिंता नागपूरकराने करू नये. ती लाटांनी आणून टाकलेल्या शेवाळाखाली राहते, आकाराने मोठी असते आणि तिचे पाय बिनकड्यांचे पिवळे असतात.

जिथे हे यंत्र थांबते, ती जागाही सांगितली पाहिजे. बाह्य लक्षणे कितीही जुळली तरी या कुलातल्या अनेक जातींचा शेवटचा निवाडा नराच्या जननेंद्रियांच्या रचनेवरून केला जातो. ब्रिटिश भारतातल्या इअरविगवर १९१० साली ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या माल्कम बर यांनीच युबोरेलिया हा वंशही मांडला. त्या काळापासून वर्गीकरणाचा भर हळूहळू या आतल्या अवयवांकडे सरकत गेला. उदराचे टोक दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून मऊ अवयव विरघळवायचे, ग्लिसरिनमध्ये उरलेला सांगाडा उलगडायचा आणि पाहायचा, अशी पद्धत आहे. हे दाहक रसायन घरात नको म्हणून मी माझ्या जुन्या प्रयोगशाळेत परवानगी काढून दोन नर तपासले. स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाच्या पंचेचाळीस पटीत दोन फिकट धागे आणि एक अस्पष्ट चौकट, यापलीकडे काही उमगले नाही. संयुक्त सूक्ष्मदर्शकाच्या शंभर आणि चारशे पटीत मात्र दोन्ही बाजूंच्या पाकळ्यांचा आकार, त्यांच्या कडा आणि धाग्यांचे मूळ स्वच्छ दिसले. तो दोन धाग्यांचा, म्हणजे नराच्या जोडीच्या शिश्नांचा, प्रकार मोठा मजेदार आहे. याच वंशातल्या प्लेबेजा जातीत नराचा हा धागा जवळजवळ शरीराएवढा लांब असतो, कधी कधी मध्येच तुटतो, आणि कामिमुरा व मात्सुओ या जपानी संशोधकांनी २००१ साली दाखवून दिले की तुटल्यावर दुसरा राखीव धागा काम चालवतो. अशा गोष्टी पाहायच्या असतील तर स्टिरिओ यंत्रावर आणखी पैसे ओतू नयेत. त्याच पैशात जुना संयुक्त सूक्ष्मदर्शक शोधावा. दोन्ही कामे एकाच यंत्राने होतील, असे सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये.

याउलट जिवंत किडा पाहण्यात स्टिरिओला तोड नाही. मादी आपल्या अंड्यांच्या ढिगावर बसते, एकेक अंडे तोंडाने उचलून चाटते आणि जागच्या जागी फिरवते. बुरशी लागू नये म्हणून ही खटपट असते. पेट्रीच्या वाटीत ओल्या मातीवर अशी एक मादी मी अकरा दिवस ठेवली होती. एलईडीचा प्रकाश थंड असल्याने वाटी तापली नाही, मंद केल्यावर मादी बिथरलीही नाही. हा दिवा निरीक्षणाला जेवढा अनुकूल तेवढाच छायाचित्राला प्रतिकूल. मंद केला की मोबाइलच्या पडद्यावर आडव्या काळ्या पट्ट्या धावतात. छायाचित्रांसाठी तिसरी नळी असलेला नमुना सहा हजार रुपये जास्त देऊन मिळत होता. तो घ्यायला हवा होता, असे आता वाटते.

उरलेल्या लहान गोष्टी थोडक्यात. सोबतचे आवरण इतके विरळ कापडाचे आहे की आमच्या रस्त्याचे सिमेंटीकरण चालू असताना भिंगावर रोज पीठ चाळल्यासारखी धूळ बसत होती. जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरू नये म्हणून सिलिका जेलची पुडी, हा खर्च ग्राहकानेच करायचा आहे. तळपट जड आणि स्थिर आहे, त्याची एक काळी-पांढरी चकती मात्र फारच उपयोगी. फिकट पाय काळ्या बाजूवर आणि काळी पाठ पांढऱ्या बाजूवर पाहावी.

सेवेविषयी लिहिणे भाग आहे. तिसऱ्या आठवड्यात माझे डोके दुखू लागले. जास्त वर्धनाला दोन चित्रे एकमेकांवर बसत नव्हती. दुकानात सांगितले, तर ‘‘काकू, चष्म्याचा नंबर तपासून घ्या एकदा,’’ असे उत्तर मिळाले. नंबर मी तपासून घेतला, तो बदललेला नव्हता. मग कागदावर पेनाचा ठिपका काढून पंचेचाळीस पटीत क्षेत्राच्या मध्यावर आणला आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटून पाहिले. उजव्या नळीत ठिपका मध्यावर होता, डावीत तो वरच्या कडेला गेलेला. हा नळ्यांच्या जुळणीचा दोष आहे आणि ग्रीनो पद्धतीच्या यंत्रात वाहतुकीत धक्का बसल्याने तो सहज येतो. कागदाचा फोटो पाठवल्यावर मात्र दुकानदाराने वाद घातला नाही, पण बदली यंत्र यायला चोवीस दिवस लागले, आणि ते ऐन पावसाळ्याचे, म्हणजे इअरविगच्या हंगामाचे दिवस होते. वॉरंटीच्या कागदावर जुळणीचा उल्लेख नाही; खरेदीपूर्वी तो बिलावर लिहून घ्यावा.

दुसरे यंत्र ताब्यात घ्यायला गेले, तेव्हा पर्समध्ये एक शीशी, काचेची वाटी आणि पुडीत थोडी रेती नेली होती. दुकानदाराने सवयीने गल्ल्यातून नाणे काढले. मी वाटी पुढे सरकवली, नर रेतीत आडवा रोवला आणि आधी उजवा, मग डावा डोळा मिटून मांडीवरचे काळे कडे पाहिले. दोन्ही वेळा ते क्षेत्राच्या मध्यावरच होते. त्यानंतर दुकानदारानेही वाकून पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि ‘‘याची एकच बाजू वाकडी कशी?’’ असे विचारले. मी त्याला आधी खोके बांधायला सांगितले आणि मग उत्तर दिले.